चाक फिरत राहतं तेव्हा

खेळण्यातली मोटार उलटी करायची, गाल जमिनीला टेकवायचा आणि डोळ्यांसमोर आणून तिचं चाक बोटाने फिरवत राहायचं. मोटार चालवायची नाहीच. स्वमग्न मूल असलेल्या घराला हे दृश्य नवं नसतं, आणि डॉक्टरांच्या कागदावर ते ऑटिझमच्या, म्हणजे स्वमग्नतेच्या, पहिल्या नोंदीपासूनच आहे.

१९४३ साली बाल्टिमोरचे बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी ११ मुलांचं वर्णन प्रसिद्ध केलं. त्यातला पहिला मुलगा डोनाल्ड. त्याच्या वडिलांनी टाइप करून पाठवलेल्या ३३ पानी पत्रात ठोकळे, तवे, जे गोल दिसेल ते गरगर फिरवण्याचं त्याचं वेड आलं होतं. वस्तू फिरू लागली की तो आनंदाने उड्या मारायचा. हा आनंदही कॅनर यांनी टिपला होता, हे मला फार मोलाचं वाटतं, कारण पुढे तोच सगळ्यांच्या नजरेतून निसटला.

मधली काही वर्षं आयांना दोष देण्यात गेली. आईच्या थंड वागण्यामुळे मूल असं होतं, हा समज क्रूर होता आणि चुकीचाही. १९६४ मध्ये मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलंड यांनी कारणं शरीरात, मेंदूत आहेत अशी मांडणी केली, तेव्हा कुठे तो ढासळू लागला.

खेळणं मात्र लक्षणच राहिलं. अमेरिकी मनोविकार संघटनेच्या निदानपुस्तिकेच्या १९८७ च्या आवृत्तीत मोटारीची चाकं फिरवण्याचं उदाहरण चक्क निकषांत छापलं गेलं. त्याच वर्षी मानसशास्त्रज्ञ सायमन बॅरन-कोहेन यांनी दाखवलं, की ही मुलं लुटुपुटूचा खेळ आपणहून क्वचितच खेळतात. पण १९८८ मध्ये लुईस आणि बाउचर या संशोधकांनी मुलांना बाहुली, मोटार हातात देऊन ‘आता हिला काय करायला लावशील?’ अशा धर्तीवर विचारलं, तेव्हा त्यांना ते जमलं. येत नाही आणि आपणहून करत नाही, यात केवढं अंतर आहे!

आवड म्हणून आवड मोजायची पद्धत आली ती वर्तनोपचारातून, म्हणजे बक्षीस देत वागणं शिकवण्याच्या उपचारातून. १९९२ पासून रुळलेल्या एका पद्धतीत मुलापुढे एका वेळी दोनच वस्तू ठेवतात, हात कुठे जातो ते लिहितात आणि जोड्या बदलत जातात. उद्देश शिकवताना बक्षीस काय द्यायचं हे ठरवण्याचा होता. तरीही, न बोलणाऱ्या मुलालाही त्यात ‘हे नको, ते हवं’ असं सांगता येऊ लागलं.

२०१३ च्या निदानपुस्तिकेत संवेदनांच्या वेगळेपणाला स्वतंत्र निकष मिळाला: प्रकाशाकडे किंवा हालचालीकडे खिळून राहणं, वस्तू सतत हुंगणं, चाचपणं. चाकात काय दिसतं, याचा थोडा उलगडा त्यातून होतो. खेळणी एका रांगेत मांडणं मात्र त्याच पुस्तकात अजून लक्षणांच्या उदाहरणांत आहे.