टेप बॅकअप आणि ‘व्हेरिफाय’ या शब्दाचा घोळ : पार्श्वभूमी

संगणकातील माहितीची जादा प्रत (बॅकअप) ठेवण्याच्या चुंबकीय टेपवर लिहिलेले परत वाचता येईल का, ही शंका टेपइतकीच जुनी आहे. १९५२ साली आलेल्या अर्धा इंची टेपवर सात ट्रॅक होते आणि त्यांतला एक केवळ पॅरिटीसाठी, म्हणजे चूक ओळखण्याच्या जादा बिटसाठी, राखलेला होता. त्याच दशकात पुढे लिहिणाऱ्या हेडच्या लगेच मागे वाचणारे हेड बसवण्यात आले, त्यामुळे लिहिलेला प्रत्येक ब्लॉक टेप पुढे सरकत असतानाच तपासता येऊ लागला. त्यानंतरची तीसेक वर्षे येथे ओलांडून जाण्यास हरकत नाही, कारण ‘व्हेरिफाय’ म्हणजे पडताळणी या शब्दाच्या आजच्या गोंधळाचे मूळ १९९०च्या दशकात आहे.

१९८९ मध्ये डीडीएस ही लहान कॅसेटमधली टेप आली आणि रात्रीचा बॅकअप लहान कार्यालयांच्याही आवाक्यात आला. सकाळी कालची कॅसेट काढून आजची घालायची, अहवालात ‘यशस्वी’ हा शब्द पाहायचा आणि कामाला लागायचे, असा शिरस्ता पडला. त्या ‘यशस्वी’मागे बहुधा ‘व्हेरिफाय’ झाल्याची नोंद असे. परंतु या एका शब्दाखाली तीन वेगळी कामे मोडत होती. पहिले काम ड्राइव्हचे (टेप चालवणाऱ्या यंत्राचे), म्हणजे लिहिता लिहिता वाचून पाहणे. दुसरे बॅकअप सॉफ्टवेअरचे, म्हणजे टेप गुंडाळून पुन्हा सुरुवातीपासून वाचणे आणि लिहिताना नोंदवलेले चेकसम (मजकुरावरून काढलेल्या पडताळणीच्या संख्या) जुळतात का ते पाहणे. तिसरे काम टेपवरील फाइल डिस्कवरील मूळ फाइलशी ताडून पाहण्याचे.

यांतले तिसरे काम सर्वांत प्रामाणिक होते आणि तेच सर्वांत आधी बंद पडले. बॅकअप झाल्यापासून तुलना होईपर्यंत बदललेली प्रत्येक फाइल ‘जुळत नाही’ अशी नोंदली जाई. रोज सकाळी तीच लांबलचक यादी पाहून माणसे ती वाचेनाशी झाली. दुसऱ्या कामाने बॅकअपचा वेळ जवळजवळ दुप्पट होई, म्हणून रात्र अपुरी पडू लागताच पुढची गदा त्याच्यावर आली. तुलना बंद करणे समजण्यासारखे होते. उरलेल्या तपासणीलाही ‘व्हेरिफाय’च म्हणत राहणे मात्र, प्रस्तुत लेखकाच्या मते, या साऱ्या इतिहासातली सर्वांत महागात पडलेली सवय आहे.

कारण या तिन्हींपैकी एकही काम म्हणजे रिस्टोर, अर्थात बॅकअपमधून फाइली परत मिळवणे, नव्हे. डीडीएस ड्राइव्हमध्ये टेप तिरप्या बसवलेल्या फिरत्या ड्रमवरून जाते आणि ट्रॅक टेपवर तिरके उमटतात. टेपला दिशा देणारे गाइड किंचित सरकले की ट्रॅकचा कोन बिघडतो. पण वाचणारे हेडही त्याच ड्रमवर असल्यामुळे त्या ड्राइव्हला आपले वाकडे अक्षर बिनचूक लागते. महिनोन्‌महिने सर्व तपासण्या पार पडत. एके दिवशी तो ड्राइव्ह बंद पडे, नवा बसवला जाई आणि कपाटातली एकही कॅसेट वाचता येत नसे. चालू डेटाबेसच्या उघड्या फाइली उचलल्या असतील तर गोष्ट आणखी अवघड होती, कारण तेथे टेप निर्दोष असे आणि तिच्यावरची, उचलताना फाइली बदलत असल्याने विसंगत झालेली प्रतही तंतोतंत वाचली जाई. ‘टार’ या, अनेक फाइली एकत्र बांधण्याच्या स्वरूपात तर चेकसम फक्त फाइलच्या शीर्षनोंदीचा असतो, आतल्या मजकुराचा नसतो.

२००० साली आलेल्या एलटीओ टेपवर कारखान्यातच सर्व्हो पट्टे लिहिलेले असतात आणि हेड त्यांच्या आधाराने चालते, त्यामुळे वाकड्या अक्षराचा प्रश्न बराच मिटला. वेळेचा प्रश्न मात्र वाढला. एलटीओच्या पहिल्या पिढीची, म्हणजे एलटीओ-१ची, १०० जीबी टेप सेकंदाला २० एमबी वेगाने सुमारे दीड तासात वाचून होई; २०२१ च्या एलटीओ-९ची १८ टीबी टेप ४०० एमबी वेगानेही साडेबारा तास घेते. क्षमता १८० पट झाली आणि वेग २० पटच वाढला, तेव्हा संपूर्ण टेप पुन्हा वाचण्याऐवजी निवडक फाइली प्रत्यक्ष रिस्टोर करून उघडून पाहण्याकडे कल झुकला.

रिस्टोरच खरी कसोटी का, हे पुढच्या दोन घटनांतून दिसते. २०११ मध्ये एका मोठ्या ईमेल सेवेत सॉफ्टवेअरच्या दोषाने सुमारे ०.०२ टक्के वापरकर्त्यांची पत्रे नाहीशी झाली. डिस्कवरील अनेक प्रतींनाही तोच दोष बाधला होता. पत्रे परत आली ती टेपवरून. उलट २०१७ मध्ये सोर्स कोड सांभाळणाऱ्या एका सेवेत, टेप नव्हे तर इतर पाच मार्गांनी घेतलेल्या प्रतींपैकी एकही धड कामी आली नाही. डेटाबेसची प्रत काढणारा प्रोग्रॅम जुन्या आवृत्तीचा असल्याने दररोज अयशस्वी होत होता आणि तसे कळवणारे ईमेल वाटेतच नाकारले जात होते.

दरम्यान ‘वाचता येणे’ याच्या अटीही बदलल्या. २००७ च्या एलटीओ-४पासून ड्राइव्ह स्वतःच एन्क्रिप्शन करू लागला, म्हणजे मजकूर किल्लीशिवाय न उलगडणारा करून लिहू लागला, त्यामुळे टेपबरोबर किल्लीही जपणे आले. एलटीओ-७पर्यंतचे ड्राइव्ह मागच्या दोन पिढ्यांच्या टेप वाचत. २०१७ मधील एलटीओ-८ने ती मुभा एका पिढीवर आणली आणि २०२५ मधील एलटीओ-१०चा ड्राइव्ह मागच्या कोणत्याही पिढीची टेप वाचत नाही. त्यामुळे जुने ड्राइव्ह मोडीत काढलेल्या अनेक ठिकाणी, नोंदवहीत ‘व्हेरिफाय झाले’ असा शेरा असलेल्या टेप आज वाचायला यंत्रच नसल्याने कपाटात पडून आहेत.