कापसाचा धागा आणि अंबाडीचा वाख

नववीत दृढ ऊती (झाडाला आधार देणारा, जाड भित्तीच्या मृत पेशींचा गट) शिकवून झाली की पोरांना उदाहरण विचारून बघा. मराठवाड्यात कुणीतरी 'कापूस' म्हणणारच. त्यात पोरांचा फारसा दोष नाही. मृत पेशी, जाड भित्ती, लांबट आकार या पाठ केलेल्या खुणा कापसाच्या धाग्याला बरोबर लागू पडतात. तरी उत्तर चूक आहे. बरोबर उत्तर त्याच रानात, धुऱ्यावर उभं असतं: अंबाडी. दोन्ही झाडं भेंडीच्या कुळातली, दोन्हींपासून धागा निघतो. फरक आहे तो धागा झाडाच्या कुठल्या भागातून येतो, यात.

कापसाचं फूल उमलतं त्या सुमारास बीजांडाच्या (ज्याची पुढे बी होते) सर्वांत बाहेरच्या थरातल्या, म्हणजे अपित्वचेतल्या, काही पेशी बाहेर येऊन लांबायला लागतात. एक पेशी, एक धागा. पहिले दोन-तीन आठवडे ती मुख्यतः लांबते, मग आतून सेल्युलोजचे थर चढत जातात. बोंड फुटलं की पेशी वाळते, आतली पोकळी मिटते आणि नळी चपटी होऊन रिबिनीसारखे पीळ खाते. या पिळांमुळे धागे एकमेकांत अडकतात, म्हणून सूत कातता येतं. सरकीवरचा एक केस उपटून चिमटीत धरा: सुमारे तीन सेंटिमीटरची ती एकटी पेशी आहे. एरवी पेशी बघायला सूक्ष्मदर्शक लागतो!

अंबाडीचा वाख, म्हणजे तिच्या सालीतला धागा, हातभराहून लांब निघतो, पण त्यातली एकेक पेशी जेमतेम काही मिलिमीटरची. अशा असंख्य पेशी टोकाला टोक भिडवून, जुड्याच्या जुड्या, खोडाच्या सालीत रसवाहिनीलगत (पानातलं अन्न वाहून नेणाऱ्या ऊतीलगत) बसलेल्या असतात. त्यांच्या भित्तीत लिग्निन, म्हणजे लाकडाला कडकपणा देणारा पदार्थ, असतं. कापसात ते जवळजवळ नसतंच, तिथे बहुतेक सगळं सेल्युलोज. एकत्र काम करणाऱ्या पेशींचा गट म्हणजे ऊती, आणि खोडाला आधार देणारा हा गट म्हणजे दृढ ऊती. कापसाचा धागा मात्र बीवरचा एकटा केस, म्हणून तो यात बसत नाही. (याच अंबाडीची कोवळी पानं आपण भाजीला खुडतो. त्यांचे देठ लवचीक असतात ते स्थूलकोन ऊतीमुळे. तिच्या पेशी जिवंत असतात.)

वाख काढायची रीतही हेच सांगते. अंबाडीच्या पेंढ्या पाण्यात बुडवून सडवतात. जिवाणू जुड्यांभोवतीचं पेक्टिन (पेशींना चिकटवून ठेवणारा पदार्थ) खातात, साल सुटते, आतली लाकडी काडी बाजूला पडते. जास्त सडली तर जुडीच विसविशीत होते आणि कासरा तुटतो. कापसाला हे काहीच लागत नाही. केस सरकीच्या बाहेरच असतात, जिनिंगमध्ये ओढून वेगळे केले की झालं.

कापूस अपित्वचेचा, याचा पुरावा घरातच मिळतो. बोंडातली रुई पाण्यावर टाका, तरंगत राहील. औषधाच्या दुकानातला कापूस लगेच भिजून बुडतो. पानावर असतो तसा मेणाचा पातळ थर कच्च्या रुईवर असतो. दुकानातला कापूस अल्कलीत उकळून तो काढलेला असतो.

सावरीच्या कापसाची गोष्ट आणखी वेगळी. तेही केसच, पण ते बीवर नव्हे, बोंडाच्या आतल्या भिंतीवर उगवतात. म्हणून सावरीच्या बिया नुसत्या झटकल्या तरी वेगळ्या होतात, आणि सरकीला मात्र जिनिंग लागतं.