पुल-अपार्ट बिस्किटातील बटरचे प्रमाण

पुल-अपार्ट बिस्किट हा अमेरिकेत, विशेषतः तिथल्या दक्षिणेकडच्या राज्यांत घरोघरी होणारा, पावासारखा मऊ पदार्थ आहे. मैद्यात बेकिंग पावडर, मीठ आणि थंड बटर घालून ते घट्टसर ताकाने भिजवतात, त्याचे जाड तुकडे पाडतात आणि एकाच भांड्यात खेटून मांडून कडक आचेवर भाजतात. वाढताना सुरी लावायची नसते. प्रत्येक तुकडा हाताने अलगद सुटला पाहिजे. तो सुटतो की फाटतो, हे मुख्यतः बटर किती घातले आणि कुठे घातले यावर ठरते.

प्रचलित कृतींत एकूण बटर मैद्याच्या वजनाच्या साधारण ३५ ते ४५ टक्के असते, म्हणजे २५० ग्रॅम मैद्याला ८५ ते ११३ ग्रॅम. अमेरिकेत बटरची एक कांडी, तिथली ‘स्टिक’, ११३ ग्रॅमची असते. तिच्या वेष्टनावर आठ टेबलस्पूनच्या खुणा छापलेल्या असतात, त्यामुळे बटर मोजताना सहसा चूक होत नाही. चूक होते ती मैदा मोजताना. कप थेट डब्यात खुपसून भरला, तर त्यात १४० ते १५० ग्रॅम मैदा मावतो. चमच्याने हलकेच भरून वरून सपाट केला, तर १२० ते १२५ ग्रॅम. दोन कप मैद्याला एक स्टिक अशी कृती असेल, तर हलक्या हाताने भरलेल्या कपात बटर ४७ टक्क्यांपर्यंत जाते आणि खुपसून भरलेल्या कपात ते ३९ टक्क्यांवर येते. बिस्किटे कोरडी झाली म्हणून पुढच्या वेळी बटर वाढवण्याआधी मैदा तोलून पाहावा. बहुतेक वेळा दोष तिथेच सापडतो.

बटर इथे दोन वेगळी कामे करते. मैद्यात चोळलेले बटर मोहनाचे काम करते: मैद्याच्या कणांवर स्निग्ध थर चढतो, ग्लुटेनचे, म्हणजे मैद्यातल्या चिवट प्रथिनाचे, धागे लांब होत नाहीत आणि बिस्किट चिवट न होता खुसखुशीत होते. चोळल्यावरही वाटाण्याएवढे जे तुकडे शिल्लक राहतात, ते पदर सोडवतात. अमेरिकेतल्या बटरमध्ये कायद्याने किमान ८० टक्के स्निग्धांश लागतो. उरलेल्यात बहुतांश पाणी असते. ११३ ग्रॅमच्या स्टिकमध्ये ते १८ ग्रॅमच्या आसपास भरते. ओव्हनमध्ये या पाण्याची वाफ होते, बटरच्या तुकड्याची जागा पोकळ होते आणि पदर एकमेकांपासून उचलले जातात. बटर आधीच वितळून मैद्यात मुरले असेल, तर प्रमाण अचूक असूनही हे दुसरे काम होत नाही. म्हणून मैद्यात घालायचे बटर फ्रीजमधून थेट काढलेले हवे. गोठवलेले बटर किसणीवर किसून घालण्याची पद्धत त्यासाठीच चांगली: हाताची ऊब कमी लागते आणि तुकडेही एकसारखे पडतात.

मैदा कोणता, यानेही आकडा थोडा हलतो. दक्षिणेत बिस्किटांसाठी मऊ गव्हाचा, आठ-नऊ टक्के प्रथिनांचा मैदा वापरण्याची रीत आहे. टेनेसीतल्या नॉक्सव्हिल इथे १८८३ साली सुरू झालेला ‘व्हाइट लिली’ हा त्यातला प्रसिद्ध छाप. अशा मैद्याला ३५ टक्के बटर पुरते. दहा-बारा टक्के प्रथिनांच्या सर्वसाधारण मैद्याला ४० टक्क्यांच्या वर जावे.

खेटून मांडलेल्या बिस्किटांचा खरा प्रश्न मात्र मैद्यातल्या बटरचा नाही, तुकड्यांमधल्या बटरचा आहे. ओल्या कडा एकमेकींना टेकल्या की भाजताना पिठातला स्टार्च पाणी शोषून फुगतो आणि दोन तुकड्यांचा एकच ठोकळा होतो. मध्ये बटरचा पातळ थर असेल, तर कडा चिकटत नाहीत आणि शेजारच्या तुकड्याच्या आधाराने बिस्किट वरच्या दिशेने वाढते. अंतर ठेवून भाजलेल्या बिस्किटांपेक्षा ती उंच आणि बाजूंनी मऊ होतात ती यामुळेच. हे लक्षात न घेता सगळे बटर मैद्यातच चोळले, तर बिस्किट चवीला उत्तम होते, पण सुटत नाही. माझ्या मते एकूण बटर न वाढवता त्याची विभागणी करावी: २५० ग्रॅम मैद्याला ८५ ग्रॅम बटर पिठात, आणि उरलेले २८ ग्रॅम, म्हणजे दोन टेबलस्पून, वितळवून भांड्याच्या तळाला आणि तुकड्यांच्या कडांना. स्टिक एकच, पण परिणामात मोठा फरक पडतो. भाजून झाल्यावर वरून लावायचे बटर या हिशेबात धरू नये. ते चवीसाठी आणि चकाकीसाठी असते.

पिठातच बटर ५० टक्क्यांच्या पुढे नेले, तर वेगळी अडचण येते. बटर साधारण ३२ ते ३५ अंश सेल्सिअसला वितळते, पण पिठाचा ढाचा पक्का व्हायला त्याहून कितीतरी जास्त तापमान लागते. या मधल्या वेळात वितळलेले बटर बाहेर झिरपते, तुकडे बसतात आणि तळ तळल्यासारखे होतात. ओव्हन मंद असेल, तर हा मधला वेळ लांबतो आणि योग्य प्रमाणातले बटरही गळते. म्हणूनच २२० ते २३० अंशांचा तापलेला ओव्हन आणि भाजण्याआधी १५-२० मिनिटे फ्रीजमध्ये ठेवलेले तुकडे हे बटरच्या प्रमाणाइतकेच महत्त्वाचे आहेत.

‘बटर स्विम’ बिस्किटांत ही विभागणी अगदी टोकाला नेलेली असते. पिठात बटर मुळीच घालत नाहीत. ३०० ग्रॅम मैद्यात बेकिंग पावडर, साखर, मीठ आणि सुमारे दोन कप ताक घालून सैल पीठ करतात. भांड्यात एक अख्खी स्टिक वितळवून त्यावर ते पसरतात आणि भाजण्याआधीच सुरीने तळापर्यंत रेघा मारून चौकोन पाडतात. बटर कडांनी आणि रेघांतून वर चढते आणि चौकोन वेगळे राखते. प्रमाण पाहिले तर इथेही ते ३८ टक्केच आहे. या प्रकारात मैद्यापेक्षा भांड्याचे माप जास्त सांभाळावे लागते. २० सेंटिमीटरच्या चौकोनी भांड्यात एका स्टिकचा थर सुमारे तीन मिलिमीटर होतो. तेच बटर २३ बाय ३३ सेंटिमीटरच्या भांड्यात ओतले, तर थर दीड मिलिमीटरच्या जरासा वर राहतो आणि रेघांत बटर पोहोचतच नाही. मोठे भांडे घेतले तर पीठ आणि बटर दोन्ही जवळपास दुप्पट करावे. भांडे काठोकाठ भरू नये आणि खाली एक ट्रे ठेवावा, कारण ओसंडलेले बटर ओव्हनच्या तळाशी जळून धूर करते. बाहेर काढल्यावर भांड्यात बटर उकळताना दिसते, ते ओतून टाकू नये. पाच-दहा मिनिटांत बिस्किटे ते शोषून घेतात.

लहान गोळे वितळलेल्या बटरमध्ये बुडवून, दालचिनी-साखरेत घोळवून गोल साच्यात रचतात तो ‘मंकी ब्रेड’ याच कुळातला. त्यासाठी डब्यात मिळणारे, आधीच भिजवलेले तयार पीठ वापरले, तर त्यात स्निग्धांश आधीपासूनच असतो, हे विसरू नये.

बटरऐवजी दुसरे काही घेताना वजनाला वजन लावून चालत नाही. शॉर्टनिंग, म्हणजे डालड्यासारखे घट्ट वनस्पती तूप, शंभर टक्के स्निग्ध असते, म्हणून ११३ ग्रॅम बटरच्या जागी ९० ग्रॅम शॉर्टनिंग आणि टेबलस्पूनभर जास्त ताक पुरते. डबीतल्या मऊ स्प्रेडमध्ये पाणी जास्त आणि स्निग्धांश कमी असतो. पिठासाठी ते घेऊच नये. ताकाऐवजी ३६ टक्के स्निग्धांशाचे क्रीम वापरले, तर २४० ग्रॅम क्रीममधूनच ८६ ग्रॅम स्निग्धांश येतो, म्हणजे जवळपास एका स्टिकमधल्या इतका. अशा वेळी पिठातले बटर पूर्ण वगळावे आणि फक्त कडांचे ठेवावे. खारवलेले बटर असेल, तर एका स्टिकमागे सुमारे पावणेदोन ग्रॅम मीठ त्यातूनच येते. तेवढे कृतीतल्या मिठातून वजा करावे.