केराटिन की स्मूथनिंग? पावसाळ्यात कोण कसं टिकतं

मे संपत आला की पार्लरच्या काचेवर ‘मान्सून ऑफर’चे कागद लागतात. केराटिन अमुक रुपयांत, स्मूथनिंग तमुक रुपयांत, आणि खाली बारीक अक्षरांत ‘अटी लागू’. आत जाऊन दोन्हींत फरक काय असं विचारलं, तर ‘मॅम, दोन्हीनं केस सरळच होतात, केराटिनला शाइन जास्त’ एवढ्यावर बोळवण होते. पहिल्या आठवड्यात ते खरंही वाटतं, कारण दोन्ही करून आलेल्या बायकांचे केस सारखेच दिसतात: सपाट, चकचकीत, खांद्यावरून सुळकन खाली. जुलैत मुंबईच्या हवेत ८५ टक्के आर्द्रता असते तेव्हा दोघी वैतागलेल्या असतात, पण वेगवेगळ्या कारणांनी.

ती कारणं कळायला आधी कुरळ्या किंवा वेव्ही केसाला दमट हवेत काय होतं ते बघायला हवं. केस म्हणजे केराटिन या प्रथिनाच्या लांब साखळ्या. त्यांना एकमेकींशी बांधून ठेवणारे जे बंध असतात, त्यांतले दोन आपल्या कामाचे. हायड्रोजन बंध संख्येनं भरपूर पण कच्चे. पाणी लागलं की सुटतात, केस वाळला की पुन्हा जुळतात. गंधकाचे म्हणजे डायसल्फाइड बंध पक्के. केस कुरळा की सरळ हे मुळाशीच ठरतं आणि हे पक्के बंध ते वळण धरून ठेवतात. घरी आपण स्ट्रेटनर फिरवतो तेव्हा फक्त कच्चे बंध मोडून नव्या जागी बसतात. सकाळी ठाण्याला सरळ असलेले केस दादरला उतरेपर्यंत वळायला लागतात ते यामुळेच. डब्यातली वाफ केसात शिरते, कच्चे बंध सुटतात आणि पक्के बंध केसाला मूळ वळणावर ओढून नेतात.

केस दमटपणाला किती इमानदारीनं प्रतिसाद देतो हे लोकांना फार पूर्वीपासून माहीत आहे. जिनिव्हाच्या होरास-बेनेडिक्ट द सोस्यूर यानं १७८३ साली माणसाच्या केसावर चालणाऱ्या आर्द्रतामापकाचं वर्णन प्रसिद्ध केलं. कोरडा केस पूर्ण दमट झाला की लांबीला साधारण दोन टक्के वाढतो आणि त्या वाढीवर काटा हलतो. वेधशाळांमध्ये असे केसाचे मापक विसाव्या शतकातही वापरात होते. आपण तर डोक्यावर असे लाखभर मापक घेऊन फिरतो.

लांबीपेक्षा केस जाडीला कितीतरी जास्त फुगतो, आणि सगळे केस सारखे फुगत नाहीत. कोणी इकडे वळतो, कोणी तिकडे. म्हणजे पावसाळ्यात तक्रारी दोन असतात आणि आपण त्या एकाच श्वासात सांगतो: केसांचं वळण परत येतं, आणि केस पिंजारतात. स्मूथनिंग पहिल्या तक्रारीवर काम करतं, केराटिन प्रामुख्यानं दुसऱ्या.

स्मूथनिंग थेट पक्क्या बंधांना हात घालतं. पहिलं क्रीम बहुतेक वेळा अमोनियम थायोग्लायकोलेटचं असतं. ते अल्कधर्मी असल्यामुळे केसाचं वरचं आवरण उघडतं आणि आत जाऊन गंधकाचे बंध सोडवतं. याच टप्प्यावर पार्लरवालीचा अनुभव पणाला लागतो. ती दर थोड्या वेळानं एक केस वेगळा काढते, पुसते, ताणून बघते, बोटावर गुंडाळून बघते. केस मऊ पडून ताण धरेनासा झाला की क्रीम धुवायची वेळ झाली. घड्याळाकडे बघून सगळ्यांना सारखाच वेळ ठेवणाऱ्या पार्लरमध्ये मी तरी डोकं देणार नाही. आधी रंगवलेले केस निम्म्या वेळात मऊ पडतात आणि नंतर तुटतात. मग धुणं, वाळवणं, अगदी पातळ बटा घेऊन इस्त्री, आणि शेवटी दुसरं क्रीम, ज्याला न्यूट्रलायझर म्हणतात. त्यातलं हायड्रोजन पेरॉक्साइड सुटलेले बंध पुन्हा जोडतं, पण आता सरळ आकारात. रिबॉन्डिंग हीच प्रक्रिया, फक्त क्रीम जास्त कडक आणि इस्त्री जास्त वेळा, म्हणून ते केस काठीसारखे दिसतात. स्मूथनिंगमध्ये थोडा बाउन्स शिल्लक राहतो.

एकदा असा सरळ केलेला केस पुन्हा कुरळा होत नाही. चिपळूणच्या धो धो पावसात भिजलात तरी वाळल्यावर सरळच. पण दोन गोष्टी कोणी सांगत नाही. एक म्हणजे केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात आणि नवा केस आपल्या जन्मजात वळणानंच येतो. वर्षभरानं मुळाशी बारा-पंधरा सेंटिमीटर कुरळे आणि खाली सरळसोट, अशी रेघ पडते, आणि पावसात ती रेघ अगदी उठून दिसते, कारण फुगतो तो वरचा भाग. दुसरी गोष्ट, उघडलेलं आवरण पूर्वीसारखं घट्ट बसत नाही. केस जास्त पाणी पितो. म्हणून स्मूथनिंग केलेले केस दमट हवेत वळत नसले तरी टोकांशी भुरभुरीत, राठ होतात. ‘सरळ केलेत, तरी फ्रिझी का?’ याचं उत्तर हे.

केराटिनच्या बाबतीत नावानं थोडी फसगत होते. क्रीममधलं केराटिन बारीक तुकड्यांच्या रूपात असतं आणि ते बहुतांशी केसाच्या वरवरच बसतं. खरं काम करतं ते त्यातलं अल्डिहाइड नावाचं रसायन. ही पद्धत २००० नंतरच्या दशकात ब्राझीलमधून पसरली, तेव्हा ते फॉर्मल्डिहाइड होतं. २३० अंशांच्या आसपास तापलेल्या इस्त्रीनं ते प्रथिनांच्या साखळ्या आडव्या बांधतं आणि केसावर पाणी सहज आत न सोडणारा थर पक्का बसतो. गंधकाचे बंध इथे मुद्दाम मोडले जात नाहीत. त्यामुळे कुरळेपणा फक्त सैल पडतो, पिंजारणं मात्र खूपच कमी होतं. प्रत्येक धुण्याबरोबर थोडं थोडं उतरत जाऊन तीन ते पाच महिन्यांत केस पूर्ववत होतात. मुळाशी ती ठळक रेघ पडत नाही, हा मोठा फायदा.

केराटिन केलेल्या बाईचा पावसाळी वैताग असा: भिजून आल्यावर केस ओले असताना वळण दिसतं आणि नुसत्या हवेवर वाळवले तर मऊ लाट राहते. लगेच पार्लरला फोन, ‘माझं केराटिन उतरलं!’ उतरलेलं नसतं. सरळ दिसायला त्याला ब्लो ड्राय लागतोच. न पिंजारता लाट राहिली असेल तर थर जागेवर आहे. हे आधी सांगितलं असतं तर निम्मी भांडणं टळली असती.

आता पार्लरच्या खुर्चीत बसल्यावर आपल्याला नक्की काय लावतायत ते ओळखायचं कसं? बाटलीवर ‘केराटिन स्मूथनिंग’, ‘प्रोटीन स्ट्रेट’, ‘हेअर बोटॉक्स’ असं काहीही छापलेलं असतं (हेअर बोटॉक्समध्ये बोटॉक्स नसतं, हे जाता जाता). नावाकडे दुर्लक्ष करा आणि दोन प्रश्न विचारा. न्यूट्रलायझर लावणार का? आणि शेवटची इस्त्री क्रीम केसातच ठेवून करणार की धुऊन? न्यूट्रलायझर असेल तर पक्के बंध मोडले जाणार, म्हणजे ते स्मूथनिंग, मग नाव काहीही असो. न्यूट्रलायझर नाही आणि क्रीम केसात ठेवून इस्त्री, तर केराटिनच्या घरातलं. नाकालाही कळतं. थायोग्लायकोलेटला अमोनियाचा आणि सडक्या अंड्यासारखा वास येतो. केराटिनच्या इस्त्रीतून धूर निघतो, आणि त्या धुरानं डोळे चुरचुरले, घसा धरला तर हलक्यात घेऊ नका.

तो धूर हा या सगळ्यातला गंभीर भाग आहे. फॉर्मल्डिहाइडला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ साली माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. २०१० मध्ये अमेरिकेतल्या ऑरेगन राज्याच्या कामगार सुरक्षा विभागानं ‘ब्राझिलियन ब्लोआउट’ची ‘फॉर्मल्डिहाइड-फ्री’ म्हणून विकली जाणारी बाटली तपासली, तर त्यात ८ टक्क्यांच्या वर फॉर्मल्डिहाइड निघालं. पुढच्या वर्षी तिथल्या एफडीएनं कंपनीला ताकीद दिली. पळवाट साधी होती: पाण्यात विरघळलेल्या फॉर्मल्डिहाइडला मिथिलीन ग्लायकॉल म्हणतात, तापवलं की ते पुन्हा वायू होऊन बाहेर येतं. त्यानंतर बऱ्याच कंपन्या ग्लायऑक्झिलिक आम्लाकडे वळल्या. त्याचीही बातमी चांगली नाही. २०२३ मध्ये इस्रायलच्या डॉक्टरांनी केस सरळ केल्यानंतर मूत्रपिंडाला अचानक इजा झालेल्या २६ स्त्रियांची नोंद प्रसिद्ध केली, आणि २०२४ मध्ये फ्रान्सच्या डॉक्टरांनी उंदरांवर प्रयोग करून हे आम्ल त्वचेतून आत जाऊन मूत्रपिंडात ऑक्झलेटचे स्फटिक बनवू शकतं हे दाखवलं. सरळ करून आल्यावर एक-दोन दिवसांत उलट्या, पोटात किंवा कमरेत दुखणं सुरू झालं तर अ‍ॅसिडिटी म्हणून बसून राहू नका. डॉक्टरांना केसांचं काय केलं ते आवर्जून सांगा. क्रीम टाळूला लागू न देता अर्धा-एक सेंटिमीटर सोडून लावायला सांगणं आणि खिडकी किंवा एक्झॉस्ट नसलेल्या एसी खोलीत न बसणं, एवढं तर कोणीही करू शकतं. गरोदरपणात दोन्ही नकोत. आणि आपण दोन तास बसतो; ती पार्लरवाली मुलगी तो धूर रोज घेते.

केल्यानंतरची काळजी. ‘तीन दिवस पाणी नको, क्लिप नको, केस कानामागे नको’ हे दोन्हीकडे ऐकवतात. वापरलेल्या क्रीमवर ते अवलंबून असतं, तेव्हा आपल्याच पार्लरचं ऐका. मात्र पावसाळ्यात तीन कोरडे दिवस मिळवणं अवघड, म्हणून जे काय करायचं ते पाऊस लागायच्या आधी, मेच्या शेवटी उरकावं. केराटिनला सौम्य, सल्फेट नसलेला शाम्पू लागतो, कारण शाम्पू जितका कडक तितका थर लवकर जातो. स्मूथनिंगला शाम्पूनं फारसा फरक पडत नाही. त्याला कंडिशनर हवा, दर धुण्याला आणि टोकांपर्यंत.

सीरम घेताना मागची बाजू वाचा. ग्लिसरीन वरच्या दोन-चार घटकांत असेल तर ते नागपूरच्या हिवाळ्यासाठी ठेवा. ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढतं, आणि कोकणातल्या जुलैत ओढायला पाणी भरपूर असतं. पावसाळ्यात डायमेथिकोन, अमोडायमेथिकोन अशी सिलिकॉनची नावं दिसली पाहिजेत. सीरम पूर्ण वाळलेल्या केसावर लावण्यापेक्षा किंचित ओलसर असताना लावावं आणि मग ब्लो ड्राय. ओले केस तसेच बांधून ऑफिसला गेलात तर दोन्हीपैकी काहीही केलेलं असो, मानेशी वळ पडणार.

तेलाचं काय, असा प्रश्न आईच्या पिढीकडून हमखास येतो, आणि पार्लरवाले त्यावर ‘अजिबात नाही’ म्हणतात. हे फार ताणलेलं आहे. २००३ साली मॅरिकोच्या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफूल तेल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली. त्यात धुताना केसातून जाणारं प्रथिन कमी करण्यात खोबरेलच सरस ठरलं. (मॅरिको खोबरेल विकते, हे लक्षात ठेवूनच वाचायचं, पण लॉरिक आम्ल केसात शिरतं हे कारण पटण्यासारखं आहे.) स्मूथनिंग केलेल्या तहानलेल्या केसांना न्हाण्याआधी अर्धा तास, लांबीपुरतं थोडं खोबरेल चांगलंच. केराटिनवर नुकसान तेलानं फारसं होत नाही. रात्रभर थापलेलं तेल काढायला दोनदा चोळलेल्या शाम्पूनं होतं.

मग कोणतं निवडायचं? वळण आवडतं पण चार महिने केस डोक्याभोवती उभे राहतात, अशी तक्रार असेल तर पक्के बंध मोडण्यात अर्थ नाही. केराटिन करा, तेही घटकांची यादी दाखवणाऱ्याकडूनच, नाहीतर सीरम आणि घट्ट वेणीवर पावसाळा काढा. मी सीरम आणि वेणीच्या बाजूची आहे. केस दाट, घट्ट कुरळे आणि बारा महिने सरळच हवे असतील तर स्मूथनिंगला पर्याय नाही. केराटिन अशा केसांवर महिन्या-दीड महिन्यातच निराश करतं. मेंदी लावत असाल तर आधीच सांगा, कारण मेंदीचा थर असलेल्या केसांवर क्रीम सारखं बसत नाही आणि बटा कमी-जास्त सरळ होतात.

परदेशात असाल तर नावं बदलतात. आपल्या रिबॉन्डिंगला तिकडे ‘जॅपनीज स्ट्रेटनिंग’ म्हणतात. ‘रिलॅक्सर’ हा तिसराच प्रकार आहे, त्यात बहुधा सोडियम हायड्रॉक्साइडसारखं तीव्र अल्कली असतं. रिलॅक्सर केलेल्या केसांवर भारतात येऊन स्मूथनिंग करून घेतलं तर केस हातात येतात, कारण या दोन रसायनांचं एकमेकांशी जमत नाही.

आणि स्मूथनिंग आधीच झालं असेल, यंदा मुळं फुगायला लागली असतील, तर पूर्ण डोक्याची ऑफर घेऊ नका. टच-अप फक्त नव्या वाढीचा घ्यायचा, तोही ती वाढ दोन-तीन इंच झाल्यावर. त्याहून आखूड केसांवर क्रीम आखून लावता येत नाही. क्रीम लावण्याआधी जुन्या सरळ लांबीवर कंडिशनर किंवा तेल लावून ती झाकून घ्या. तेवढा वेळ द्यायला पार्लर तयार नसेल तर सप्टेंबरपर्यंत अंबाडा घाला.