मामाची गाणी जपणारा सुतार

इंग्लंडमध्ये लोकगीतं गोळा करायच्या कामाला विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वेग आला. १९०३ मध्ये सेसिल शार्प यांनी सॉमरसेटमधल्या हॅम्ब्रिजला एका माळ्याचं गाणं टिपून घेतलं. १९०५ मध्ये संगीतकार रेफ वॉन विल्यम्स नॉरफकमधल्या किंग्ज लिन बंदरात कोळ्यांची गाणी उतरवून घेत होते. 'हे म्हातारे गेले की संपलं' हे पालुपद तेव्हापासूनचं. नॉरफकचाच शेतमजूर गायक हॅरी कॉक्स १९७१ मध्ये वारला, तेव्हा ते खरंही वाटलं असणार.

त्याच नॉरफकमध्ये, नॅप्टन गावात, वॉल्टर पार्डन नावाचा सुतार एकटाच राहत होता. जन्म १९१४ चा, लग्न केलेलं नाही, आणि युद्धातली सैन्यातली नोकरी सोडली तर सगळा जन्म त्याच घरात गेलेला. गाणी त्याला मिळाली मामाकडून. मामा बिली गी यांना ती त्यांच्या वडिलांकडून आलेली. नाताळात सगळं गोत जमलं की गाणी व्हायची, पण ज्याचं गाणं त्यानंच म्हणायचं, असा दंडक. धाकट्या वॉल्टरच्या वाट्याला कुणालाच नको असलेलं एक गाणं आलं. बाकीची त्यानं नुसती ऐकली. १९४२ मध्ये मामा गेले. बरोबरीच्या पोरांना जुन्या गाण्यांत रस नव्हता. मग वॉल्टरनं शब्द वहीत उतरवले, आणि चाली विसरू नयेत म्हणून घरात एकट्यानं मेलोडिअन वाजवत राहिला. हा भात्याचा पेटीवजा बाजा. भाता ओढला की एक सूर, दाबला की दुसरा. गाणं संपताना भाता उघडा राहतो की मिटतो, यावरून चाल जुनी की अलीकडची हे तो ओळखायचा. स्वरशास्त्र न शिकता काढलेला हा ठोकताळा मला फार आवडतो.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला नात्यातल्या एका तरुणाच्या आग्रहावरून त्यानं गाणी टेप केली. ती टेप गायक पीटर बेलमी यांच्यापर्यंत पोचली. १९७५ मध्ये पहिली तबकडी निघाली, १९७६ मध्ये वॉशिंग्टनच्या लोककला महोत्सवाचं बोलावणं आलं. तेव्हा वॉल्टर बासष्ट वर्षांचा होता. गायची ढब मात्र घरातलीच राहिली: साथीला वाद्य नाही, आवाज चढवणं नाही, शब्द स्पष्ट. १९९६ मध्ये तो वारला, तोवर त्याची दीडशेहून जास्त गाणी ध्वनिमुद्रित झाली होती.