यिप्स : छोटा पट आणि ऐनवेळी उडणारा हात

गोल्फमध्ये चेंडू होलच्या (तो ज्यात पाडायचा त्या खड्ड्याच्या) अगदी जवळ आलेला असताना, पटर, म्हणजे चेंडू जमिनीवरून हलकेच ढकलण्याची काठी, चेंडूला लागण्याच्या क्षणी मनगट किंवा बोटे आपोआप झटका देतात, आखडतात किंवा थरथरतात. या विकाराला यिप्स म्हणतात. फटका कसा मारायचा हे खेळाडूला ठाऊक असते, चेंडूची वाट त्याला दिसत असते, तसला पट (पटरचा फटका) त्याने हजारो वेळा होलमध्ये घालवलेलाही असतो. तरी हात ऐकत नाही. चिपिंगमध्ये (होलच्या जवळून चेंडू किंचित उचलून मारण्यात) आणि क्वचित ड्रायव्हिंगमध्येही (सुरुवातीच्या लांब फटक्यात) यिप्स आढळतात, पण त्यांचा खरा मुक्काम तीन ते पाच फुटांच्या पटमध्ये.

बाहेरून पाहणाऱ्याला हे पटत नाही. होलचा व्यास १०८ मिलिमीटर, चेंडूचा सुमारे ४३. तीन फुटांवरून चेंडू बेताच्या वेगाने सोडला तर दिशा दोन्ही बाजूंना जवळजवळ तीन अंशांनी चुकली तरी तो आत पडतो. व्यावसायिक दौऱ्यावरचे खेळाडू या अंतरावरून शंभरातले नव्याण्णव पट घालवतात. आठ फुटांवर मात्र हे प्रमाण निम्म्यावर येते. म्हणजे छोटा पट सोपाच, आणि नेमके तेच त्याचे दुखणे आहे. लांबचा पट गेला तर टाळ्या पडतात, राहिला तर कोणी काही म्हणत नाही. छोटा पट गेला तर त्यात कौतुक कसले, पण राहिला तर सगळ्यांच्या लक्षात राहतो. इथे मिळवण्यासारखे काही नसते, गमावण्यासारखे मात्र असते.

‘यिप्स’ हा शब्द रूढ करण्याचे श्रेय टॉमी आर्मर यांना दिले जाते. स्कॉटलंडमध्ये जन्मलेल्या आणि पुढे अमेरिकेत स्थायिक झालेल्या आर्मर यांनी १९२७ मध्ये यूएस ओपन, १९३० मध्ये पीजीए चॅम्पियनशिप आणि १९३१ मध्ये कार्नूस्टी येथे ब्रिटिश ओपन जिंकली होती. विकार मात्र शब्दाच्या आधीचा. ब्रिटिश ओपन सहा वेळा जिंकणारे हॅरी व्हार्डन यांचा उजवा हात क्षयाच्या आजारानंतर छोट्या पटवर उडू लागला होता. बेन होगन यांच्यासारखा कमालीचा शिस्तीचा खेळाडू उतारवयात पटरमागे उभा राहिला की त्याला पटर मागे नेताच येत नसे; प्रेक्षक श्वास रोखून वाट पाहत. यिप्स नवशिक्यांना फारसे होत नाहीत. वर्षानुवर्षे तीच हालचाल घोटलेल्या, चांगल्या खेळाडूंना ते गाठतात. म्हणून ‘सराव कमी पडला’ हे निदान इथे चुकीचेच नव्हे, तर अन्यायाचे आहे.

इथे एक भेद सांभाळायला हवा. दडपणाखाली चुकलेला प्रत्येक छोटा पट म्हणजे यिप्स नव्हे. २०२४ च्या यूएस ओपनमध्ये पाइनहर्स्टला रोरी मॅकिलरॉयचा सोळाव्या होलवर (मैदानाच्या अठरा टप्प्यांपैकी सोळाव्यावर) अडीच फुटांचा आणि अठराव्यावर चार फुटांच्या आतला पट चुकला आणि विजेतेपद ब्रायसन डीशॅम्बोकडे गेले. त्याला यिप्स म्हणण्याचे कारण नाही. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये एन्सली स्मिथ, चार्ल्स अॅडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० नंतर या विषयावर बराच अभ्यास केला. त्यांच्या मांडणीप्रमाणे यिप्सची दोन टोके आहेत. एका टोकाला मज्जासंस्थेतला बिघाड, ज्याला फोकल डिस्टोनिया म्हणतात; सतत लिहिणाऱ्यांना किंवा वादकांना हाताचा जो पेटका येतो, त्याच जातीचा. दुसऱ्या टोकाला निव्वळ मानसिक दडपण. बहुतेक खेळाडू या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असतात. डिस्टोनियाच्या बाजूला असलेल्यांच्या स्नायूंची विद्युत नोंद घेतली, तेव्हा मनगट आत वळवणारे आणि बाहेर वळवणारे स्नायू एकाच वेळी आवळले जाताना दिसले. एकाच गाडीला दोन बैल विरुद्ध दिशांना जुंपावेत, तसा हा प्रकार. मग गाडी कुठे जाईल ते सांगता येत नाही.

दडपणाचा भागही हवेतला नाही. रिच मास्टर्स या संशोधकाने १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही नवख्यांना पटिंग नियम समजावून शिकवले, तर काहींना शिकताना मुद्दाम दुसऱ्याच कामात गुंतवून ठेवले, म्हणजे त्यांच्या मनात नियम साठू नयेत. ताण दिल्यावर नियम पाठ असलेल्यांचा खेळ ढासळला, दुसऱ्या गटाचा नाही. हाताला सवयीने येणारी गोष्ट डोक्याने चालवायला गेले की ती अडखळते. जिना उतरताना पायरी-पायरीचा विचार करू लागणारा माणूस ठेचकाळतो, हे आपण घरी पाहतोच. यिप्स झालेला खेळाडू नेमका याच फेऱ्यात अडकतो : हात उडाला म्हणून तो हातावर लक्ष ठेवतो, आणि लक्ष ठेवल्याने हात आणखी उडतो. चेंडू नसताना फिरवलेला पटर अगदी सरळ जातो. चेंडू समोर ठेवला की झटका परत येतो.

यिप्सवर मात करणे म्हणजे काय, हे जर्मनीच्या बर्नहार्ड लँगर यांच्या कारकिर्दीतून जितके समजते तितके दुसऱ्या कशातून समजत नाही. १९५७ मध्ये बव्हेरियात जन्मलेल्या लँगर यांनी नवव्या वर्षी कॅडी, म्हणजे खेळाडूंच्या काठ्या वाहणारा मुलगा, म्हणून सुरुवात केली. एकोणिसाव्या वर्षाच्या सुमारास युरोपियन दौऱ्यावर आले, तेव्हा घरच्या संथ ग्रीनची (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीची) सवय असलेला त्यांचा हात तिथल्या वेगवान ग्रीनवर बिथरला. त्यांनी पटर बदलला आणि मग पकड. छोट्या पटला डावा हात उजव्याच्या खाली आणि लांबच्या पटला नेहमीची पकड, अशी दुहेरी पद्धत घेऊन त्यांनी १९८५ ची मास्टर्स स्पर्धा जिंकली. दुखणे गेले असे वाटत असतानाच १९८८ मध्ये रॉयल लिदमच्या ब्रिटिश ओपनमध्ये सतराव्या होलवर त्यांना पाच पट लागले. मास्टर्स विजेत्याला पाच पट! तेव्हा त्यांनी अशी पकड शोधली की पाहणाऱ्यांना ती अवघडलेली वाटे : डावा हात दांड्यावर बराच खाली, पटरची मूठ डाव्या कोपरापुढच्या हाताला टेकवलेली आणि उजव्या हाताने दोन्ही घट्ट धरलेले. मनगट हलायला जागाच उरली नाही.

याच पकडीने १९९१ च्या रायडर चषकात (युरोप विरुद्ध अमेरिका अशा सांघिक स्पर्धेत), किआवा बेटावर, शेवटच्या सामन्यातल्या शेवटच्या होलवर त्यांच्यासमोर सहा फुटांचा पट आला. तो गेला असता तर चषक युरोपकडे राहिला असता. तो गेला नाही आणि अमेरिका १४½–१३½ अशी जिंकली. जगासमोर असा पट हुकल्यावर यिप्सचा इतिहास असलेला माणूस कायमचा मोडेल, असे कोणालाही वाटले असते. पुढच्याच आठवड्यात जर्मन मास्टर्समध्ये लँगर यांनी शेवटच्या होलवर पंधरा फुटांचा पट घालवून प्ले-ऑफ (बरोबरी सोडवणारा जादा खेळ) गाठला आणि स्पर्धा जिंकली. १९९३ मध्ये त्याच पकडीने मास्टर्स दुसऱ्यांदा जिंकली, चार फटक्यांनी. नव्वदीच्या दशकाच्या उत्तरार्धात झटके परत आले, तेव्हा ते छातीएवढ्या उंच पटरकडे वळले. यिप्स त्यांना वारंवार आले. दर वेळी त्यांनी जुनी हालचाल दुरुस्त करत न बसता नवी शिकली. मेंदूत बिघडलेली वाट साफ करण्यापेक्षा शेजारून दुसरी पाडणे सोपे, हे त्यांच्याकडून शिकण्यासारखे आहे. पकड बदलल्याने होणाऱ्या फायद्याचे स्पष्टीकरण इच्छाशक्तीपेक्षा इथे शोधणे अधिक योग्य : बिघाड एका ठरावीक हालचालीला चिकटलेला असतो, हालचाल पुरेशी वेगळी केली की मेंदू ती ‘तीच’ म्हणून ओळखत नाही.

सॅम स्नीड यांनीही असाच मार्ग काढला. ते होलकडे तोंड करून, चेंडूच्या रेषेच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवून, क्रोके या खेळात मारतात तसा पट मारू लागले. १९६८ पासून नियमाने रेषेवर असे उभे राहण्यास बंदी आली, तेव्हा दोन्ही पाय रेषेच्या एकाच बाजूला घेऊन त्यांनी तीच पद्धत चालू ठेवली आणि १९७४ मध्ये, वयाच्या ६२ व्या वर्षी, पीजीए चॅम्पियनशिपमध्ये संयुक्त तिसरे आले. लांब पटरवरही पुढे बंधन आले. पटर किंवा तो धरणारा हात शरीराला टेकवून फटका मारण्यास १ जानेवारी २०१६ पासून मनाई आहे. लांब पटर वापरायला बंदी नाही. वरचा हात छातीपासून सुटा हवा. मूठ कोपरापुढच्या हाताला टेकवणेही चालते. बंदीने यिप्सच्या रुग्णांची कुबडी काढून घेतली, अशी तक्रार तेव्हा झाली आणि ती समजण्यासारखी होती. परंतु लँगर यांनी हात सुटा ठेवून तोच पटर वापरला आणि २०२३ मध्ये, ६५ व्या वर्षी, यूएस सीनियर ओपन जिंकून सीनियर दौऱ्यावरचा ४५ विजयांचा विक्रम मागे टाकला.

डोळ्यांच्या बाजूनेही वाट निघते. कॅल्गरी विद्यापीठातील जोन व्हिकर्स यांनी दाखवले की चांगले पट मारणारे फटक्याआधी आणि फटका संपेपर्यंत नजर चेंडूवर एका जागी स्थिर ठेवतात; डळमळणाऱ्यांची नजर चेंडू, पटर आणि होल यांच्यात भिरभिरते. जॉर्डन स्पीथ काही वर्षे छोटे पट चेंडूऐवजी होलकडे पाहत मारत असे, तर सर्जिओ गार्सिया डोळे मिटून. पद्धती परस्परविरुद्ध दिसतात, पण पटरची हालचाल न्याहाळण्यापासून तिन्ही सुटका करतात. क्लबात खेळणाऱ्याने सुरुवात इथूनच करावी असे वाटते, कारण यात खर्च नाही. जाड मूठ, पंजाने चिमटीत धरल्यासारखी ‘क्लॉ’ पकड, डाव्या हाताने खेळणे हे त्यानंतरचे उपाय. रोज तासभर तोच बिघडलेला पट मारत राहणे मात्र टाळावे. त्याने बिघाडच पक्का होण्याची भीती असते.

औषधांचा आधार मर्यादित आहे. हृदयाची धडधड आणि कंप कमी करणारी बीटा ब्लॉकर औषधे उत्तेजकविरोधी नियमांनुसार गोल्फ स्पर्धांत निषिद्ध आहेत. डिस्टोनियासाठी बोट्युलिनम विषाची इंजेक्शने वापरली जातात, पण पटसाठी लागणारी बोटांची नाजूक जाण त्यांनी बोथट होऊ शकते. झटका पटर हातात नसतानाही, उदाहरणार्थ लिहिताना किंवा कप धरताना येत असेल, तर प्रशिक्षकापेक्षा मेंदूविकारतज्ज्ञाला आधी दाखवावे.

हे दुखणे गोल्फपुरते नाही. डार्ट्सचे पाच वेळचे विश्वविजेते एरिक ब्रिस्टो यांच्या बोटांतून बाण सुटेनासा झाला. क्रिकेटमध्ये फिरकी गोलंदाजांच्या हातून चेंडू वेळेवर सुटत नाही, त्यालाही यिप्सच म्हणतात. पण गोल्फरला एक सवलत लाभली आहे : पटर कसा धरावा याबाबत गोल्फचे नियम बरेच मोकळे आहेत. २००९ चा यूएस ओपन विजेता लुकास ग्लोव्हर सुमारे दहा वर्षे छोट्या पटवर झगडत होता. २०२३ मध्ये त्याने लांब पटर हातात घेतला आणि त्याच ऑगस्टमध्ये लागोपाठच्या दोन आठवड्यांत पीजीए दौऱ्यावरच्या दोन स्पर्धा जिंकल्या.