पळताना झकास, सिग्नलला बंद

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली, पण हौशी लोकांकडच्या पद्मिनी अजून धावतात. त्यांची ठरलेली तक्रार म्हणजे पळताना झकास आणि सिग्नलला बंद. हल्ली याचं खापर थेट पेट्रोलमधल्या २० टक्के इथेनॉलवर फुटतं. ते निव्वळ खोटं नाही, पण आधी हवेत पेट्रोल मिसळून इंजिनला देणाऱ्या कार्ब्युरेटरच्या पोटात बघू.

कार्ब्युरेटरचा गळा मध्येच अरुंद केलेला असतो. अरुंद जागेतून जाताना हवेचा वेग वाढतो आणि दाब उतरतो. इटलीच्या वेंचुरीने १७९७ साली प्रवाहांवरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले, त्याचंच नाव या गळ्याला मिळालं. उतरलेल्या दाबामुळे मेन जेटमधून, म्हणजे पेट्रोलच्या मुख्य बारीक भोकातून, पेट्रोल वर ओढलं जातं.

मेख अशी, की ही ओढ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. हवा निम्मी झाली की ओढ पावपट. हवा एक दशांश, तर ओढ शंभरावा हिस्सा! सिग्नलला थ्रॉटलची चकती, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर उघडणारी हवेच्या वाटेतली झडप, जवळजवळ मिटलेली असते. एवढ्याशा ओढीने पेट्रोल मेन जेटच्या वाटेने वर चढतच नाही. मग इंजिन चालतं कशावर? चकतीच्या पलीकडे, इंजिनच्या बाजूला पिस्टन हवा खेचत असतात आणि वाट मिटल्यामुळे तिथला दाब वातावरणाच्या निम्म्याच्या आसपास किंवा त्याखाली येतो. नेमकं तिथेच एक बारीक भोक ठेवलेलं असतं आणि त्यातून स्लो जेटचं, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन संथ चालू ठेवणाऱ्या छोट्या जेटचं, पेट्रोल हवेच्या बुडबुड्यांसकट येतं. म्हणजे गळ्यात ओढ मरते तेव्हा चकतीमागे ती सर्वांत जोरदार असते. कंप्युटर नाही, सेन्सर नाही, आणि तरी हे जमतं! मला याचं अजून नवल वाटतं.

स्लो जेट अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचा. महिनाभर उभ्या गाडीतलं पेट्रोल सुकून चिकट झालं की आधी तोच तुंबतो. अशा वेळी नुसती रेस वाढवली तर चकती उघडून आजार झाकला जातो, इतकंच. पेट्रोलच्या नळीला लावायचे 'मायलेज वाढवणारे' लोहचुंबक तर बॉनेटला बांधलेल्या लिंबू-मिरचीइतकेच कामाचे.

स्लो, म्हणजे उभ्या गाडीतली इंजिनची संथ चाल, सेट करायचं ते इंजिन तापल्यावर, थंड इंजिनासाठीचा चोक पूर्ण सोडून. स्लोचं हवा-पेट्रोल मिश्रण ठरवणारा मिक्श्चर स्क्रू हळूहळू फिरवत इंजिन सर्वांत जलद आणि एकसारखं चालेल तिथे थांबायचं, मग रेसचा स्क्रू सोडून फेरे खाली आणायचे आणि पुन्हा मिक्श्चर तपासायचं. पद्मिनीच्या धाटणीच्या कार्ब्युरेटरमध्ये मिक्श्चर स्क्रू आवळला की मिश्रण पातळ होतं, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडतं. ज्यांचा एअर स्क्रू फिल्टरच्या बाजूला असतो, त्यांचं उलट.

आता इथेनॉल. एक किलो पेट्रोल पुरतं जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९ किलोच. वीस टक्के मिश्रणाला साडेतेराच्या आसपास. जेट तेच राहिले तर मिश्रण पातळ पडतं, म्हणून स्क्रू थोडा सोडावा लागतो. सोडूनही इंजिन दाद देत नसेल, तर स्लो जेट तुंबलाय किंवा कार्ब्युरेटरखालचं, सांधा हवाबंद ठेवणारं गॅस्केट हवा खेचतंय. आणि स्लोवर एकूण हवाच इतकी थोडी असते, की तेवढी गळतीही गाडी बंद पाडायला पुरते.